दहाव्याचा शब्द

माझ्याकडे मुलं येतात ती बिघडली म्हणून. शाळा बुडवणारी, घरात ताटं भिरकावणारी, रेल्वे स्टेशनवर पोलिसांना सापडलेली. शहाणं मूल माझ्याकडे कुणी पाठवत नाही. चेरीताल मोहल्ल्यात एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची जागा आहे आणि दारावर 'किशोर सहायता केंद्र' अशी पाटी. ही पाटी वाचून एकही मूल जिना चढणार नाही, हे संस्थेच्या साहेबांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी मी तिच्यावर कॅरमच्या स्पर्धेचा कागद चिकटवून टाकला. मुलं या जागेला अड्डा म्हणतात. साहेबांना तो शब्द खटकतो. त्यांना मीही खटकते, पण दुसरी कुणी इथे टिकत नाही.

काम म्हणाल तर मिरवण्यासारखं काही नाही. संध्याकाळी मुलं येतात, चहा पितात, कॅरम खेळतात, एकमेकांना शिव्या घालतात, मी डाफरते. त्यातच एखादं मूल जाता जाता काहीतरी बोलून जातं. ते ऐकायला तिथे कुणीतरी असावं लागतं, तेवढंच माझं काम.

अक्षतला त्याची आई घेऊन आली, थंडीच्या सुरुवातीला. पंधरा वर्षांचा मुलगा, केस नीट विंचरलेले, बाह्यांची बटणं लावलेली. मी सवयीनं विचारलं, "काय केलं यानं?"

"काहीच नाही ना," त्याची आई, विनता, म्हणाली. "अभ्यास करतो. जेवतो. उलट बोलत नाही. तेच बघून जीव घाबरून राहिला माझा."

मला ही बाई तेव्हाच आवडली. पोरगं गप्प बसलं की आईबापांना बरं वाटतं, निदान माझ्याकडे येणाऱ्यांना तरी. ही पहिलीच, जिला गप्प बसण्याची भीती वाटत होती. अक्षतला कॅरमवर बसवून तिनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं. गेल्या वर्षी तिचा मोठा मुलगा तनय गेला. तिलवारा पुलाच्या अलीकडे ट्रकनं त्याच्या स्कूटरला धडक दिली. तेव्हापासून अक्षत एकदाही रडला नव्हता.

तो नेमानं येऊ लागला. आला की खिडकीजवळच्या बाकावर टोकाला बसायचा, भिंतीकडची जागा मोकळी सोडून. आमच्याकडे बसायची इतकी टंचाई की मुलं एकमेकांच्या मांडीवर बसतात, तरी त्या मोकळ्या जागेवर कुणी बसत नसे. मी काही मनाई केली नव्हती. अवंतिका म्हणून एक आगाऊ मुलगी आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. एकदा ती ऐटीत तिथं बसायला गेली आणि टेकली न टेकली तोच उठली. "थंड आहे दीदी," एवढंच म्हणाली आणि जाऊन दाराशी जमिनीवर बसली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या दिवसांत माझा चहाचा एक कप जास्त होऊ लागला. मुलं मोजूनच कप मांडते मी, तरी वाटून झाल्यावर एक उरायचाच. पहिल्यांदा मी स्वतःलाच शिव्या घातल्या, वय झालं म्हटलं. पुढच्या वेळी मोठ्यानं मोजले. तरी उरला. अक्षतनं तो कप उचलला, यायच्या राहिलेल्या माणसाचं ताट झाकून ठेवावं तसा आपल्या शेजारी बाकावर ठेवला आणि परत कॅरमकडे बघत बसला. त्या दिवशी मी मुलांना लवकर घरी पिटाळलं.

नव्या मुलाच्या घरी एकदा तरी जायचं, अशी माझी पद्धत आहे. त्यांचं घर सदरमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत. विनता मटार सोलत बसली होती. तिचे यजमान प्रल्हाद, वीज कंपनीत इंजिनियर, पेपर घेऊन खुर्चीत बसलेले. नमस्कार म्हणाले आणि परत पेपरात गेले. मी असेपर्यंत ते पान काही उलटलं नाही. वर्षभर बायकोला एकटीला सगळं निस्तरायला लावून हा गृहस्थ पेपराआड बसलाय, असं मला वाटलं आणि राग आला.

विनतानं मला दहाव्याची गोष्ट सांगितली. येईल त्याला ती सांगत असावी, कारण कुठे थांबायचं, कुठे डोळे पुसायचे हे तिला पाठ झालं होतं.

"नदीवर, ग्वारीघाटावर गेलो होतो सगळे. पिंड ठेवला. समोर झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली येईल तर शपथ. मग आपल्यात म्हणतात तसं एकेक जण बोलू लागले. हे म्हणाले, तनय, तुझी पुस्तकं गरजू मुलाला देतो. मी म्हटलं, रडत नाही बसणार रे राजा. कावळा जागचा हलेना. ऊन चढलं. गुरुजी चुळबुळ करून राहिले. मग आमचे शशिकांत भाऊजी, यांचे मोठे भाऊ, अक्षतला म्हणाले, अरे तू बोल काही, तुझ्यातच अडकला असन त्याचा जीव. हा पुढे गेला. हात जोडले, ओठ हलवले. अन् कावळा सरळ खाली! पिंडाला शिवला. भाऊजींनी याला पोटाशी धरलं, म्हणाले, तुझंच ऐकलं रे त्यानं."

"काय बोलला तो?" मी विचारलं.

"ते विचारू नये म्हणतात. पण मला माहीत आहे ना. तनयचं आयआयटीचं राहून गेलं. तेच बोलला असेल, दादा, मी करून दाखवतो. दुसरं काय?" तिनं मटाराची साल बाजूला टाकली. "शाळेत निघाला की मी रोज म्हणते त्याला, बेटा, शब्द दिलाय, पाळायचा बरं. मान हलवतो. खूप गुणी आहे हो."

मग तिनं कौतुकानं मोबाइल दाखवला. अक्षतनं तिला गॅस बुक करायला शिकवलं होतं, रेल्वेचं तिकीट काढायला शिकवलं होतं, बाबांच्या गोळ्या घरपोच मागवायला शिकवलं होतं. "मी म्हटलं, तू आहेस ना करायला! तर म्हणतो, नाही आई, तुला यायला पाहिजे. पाठच करून घेतो माझ्याकडून."

हे ऐकताना मला दोन गोष्टी आठवल्या. अड्ड्यावर गौरांग नावाच्या मुलाच्या मनगटावर मी अक्षतचं घड्याळ पाहिलं होतं. त्याची बॅट अवंतिकाचा भाऊ वापरत होता. पोरं देवघेव करतातच म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण मूल आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागलं आणि आईला आपल्यावाचून जगायला शिकवू लागलं, की आमच्या कामात त्याचा एकच अर्थ आधी तपासायचा असतो. विनताला मी तेव्हा काही बोलले नाही. आधी त्याला विचारायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी कॅरम लवकर आवरायला लावला, मुलांना खाली चाट खायला पाठवलं आणि अक्षतला थांबवून घेतलं. खिडकीतून ऊन अजून आत येत होतं. तो त्याच्या टोकाला बसला होता. मी समोर स्टूल ओढलं.

असा प्रश्न आडून आडून विचारायचा नसतो. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात भलतं भरतं, असं लोकांना वाटतं; तसं होत नाही. पण माहीत असूनही दर वेळी माझी जीभ जड होते. त्या दिवशीही झाली.

"अक्षत, तुझ्या मनात मरायचं आहे का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. दचकला नाही. उलट कुणीतरी दप्तर उतरवून घ्यावं तसे त्याचे खांदे थोडे खाली आले.

"मनात नाही, दीदी," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

"कुणाला?"

"दादाला. दहाव्याला."

तोच बोलत गेला, अगदी शांतपणे, गणित समजावून सांगावं तसा. "दादाला अकेले झोप येत नव्हती. कुणाला नाही माहीत. इतका मोठा, पण मी मामाकडे गेलो की लाइट चालू ठेवून बसून राहायचा. त्या दिवशी सगळे काय काय बोलून राहिले होते, पुस्तकं देतो, अमुक करतो. त्याला पुस्तकांचं काय करायचं? तो घाबरला होता, दीदी. मी म्हटलं, दादा, डर मत. वर्षाच्या आत मी येतो. और वो आ गया. कावळा. एकदम माझ्या समोर."

वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात होतं.

मला कावळ्याचा राग आला, गुरुजींचा आला, त्या शशिकांत भाऊजींचा तर फारच आला. चौदा वर्षांच्या पोराला पिंडापुढे उभं करून बोल म्हणतात! तो राग आवाजात येऊ न देता मी म्हटलं, "अरे, कावळा भूक लागली की उतरतो. त्याचा तुझ्या बोलण्याशी काय संबंध?"

"मग आधी काहून नाही उतरला?"

मी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"आणि तो असतो ना," अक्षत म्हणाला. त्यानं बाकाच्या मोकळ्या भागावर तळवा ठेवला. "वाट बघून राहिला. तुम्हाला पण माहीत आहे. तुम्ही त्याचा चहा ओतता."

खाली रस्त्यावर अवंतिका कुणाशी तरी मोठ्यानं भांडत होती, तो आवाज ऐकून मला जरा धीर आला. मी उठले आणि अक्षतचं मनगट धरलं.

"हे मी तुझ्या घरी सांगणार आहे. आत्ता. तू माझ्याबरोबर चल."

आता मात्र तो घाबरला. "आईला नको ना. दीदी, प्लीज. आई तर रोज म्हणते, शब्द पाळ."

मला त्या क्षणी रडू आलं, खरं सांगते. दप्तर पाठीवर घेऊन पोरगा रोज घराबाहेर पडतो, आणि दारात उभी राहून त्याची स्वतःची आई त्याला मरायची आठवण करून देते, तिला पत्ताही नाही. मी त्याचं मनगट सोडलं नाही. रिक्षात तो एका बाजूला सरकून बसला, मध्ये जागा ठेवून. मी मुद्दाम त्या मधल्या जागेत बसले. तिथं गार लागत होतं, पण थंडीचेच दिवस होते, रिक्षा उघडी होती. मी तसं मनाला बजावत सदरपर्यंत गेले.

विनता स्वयंपाकघरात मटारच्या कचोरीसाठी मैदा मळत होती. प्रल्हादही घरी आले होते. मी दोघांना तिथेच बोलावलं, अक्षतला माझ्या जवळ उभं केलं आणि सांगितलं. घोळ घालायचा नाही असं वाटेतच ठरवलं होतं. "दहाव्याला अक्षतनं तनयला शब्द दिला, की वर्षाच्या आत मी तुझ्याकडे येतो. तो शब्द तो पाळणार आहे."

विनताचे हात परातीत तसेच राहिले. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. "मी रोज," ती म्हणाली, "मी रोज याला..." आणि पिठाच्या हातानं तिनं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. मी तिचा हात धरला.

आता काय बोलायचं ते मला पाठ होतं. असं वाटणं ही तुझी चूक नाही, आपण मदत घेऊ, उद्या डॉक्टरांकडे जाऊ. सगळं खरंच आहे आणि सगळं करायचंच होतं. पण मी अक्षतकडे बघितलं तर तो दाराच्या चौकटीशेजारी थोडी जागा सोडून उभा होता. माझी वाक्यं त्या जागेपर्यंत पोचणार नव्हती.

मग प्रल्हाद बोलले. मी त्या माणसाचा आवाज नीट असा तेव्हाच ऐकला.

"तुला काहून वाटलं, तो एकटा आहे?"

"मग कोण आहे त्याच्यासोबत?" अक्षत म्हणाला. आवाजात पहिल्यांदाच थोडी धार होती.

प्रल्हाद त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुला बाराव्याला नव्हतं नेलं आम्ही. गुरुजी म्हणाले होते, धाकट्या भावानं करायला पाहिजे. मी म्हटलं, बस झालं, पोराला पुरे झालं एवढं. तुला मावशीकडे पाठवून दिलं, अन् मी केलं. बापानं करू नये म्हणून तुझे मोठे काका रागावले. तरी मी केलं."

ते परातीपाशी आले. पेपर वाचणाऱ्या त्या माणसानं बाह्या वर केल्या, मैद्याचा गोळा तोडला आणि तळहातावर लांबट वळून ओट्यावर ठेवला. मग आणखी गोळे केले, गोल, आणि त्याच्या पुढे मांडले. विनता "अहो, हे काय," असं काहीतरी पुटपुटली. घरात, ओट्यावर, खायच्या पिठाचं असं कुणी करत नाही. पण तिनं त्यांना अडवलं नाही.

"हा तनय," प्रल्हाद लांबट गोळ्याकडे बोट करून म्हणाले. "अन् हे माझे बाबा. हे त्यांचे बाबा. हे त्यांचे. तेव्हा भाताचे होते सगळे. गुरुजींनी माझ्या हातात दर्भ दिला अन् म्हणाले, याचे भाग करा, पूर्वजांत मिळवा."

त्यांचा हात लांबट गोळ्यावर थांबला. बराच वेळ तो तिथून हलेना. मग त्यांनी भाग केले. एक भाग पहिल्या गोळ्यात दाबला, दुसरा दुसऱ्यात, तिसरा तिसऱ्यात, आणि सगळं मिळून एकत्र मळलं. मळताना ते रडत होते आणि बोलतही होते. "या हातानं केलं मी, बेटा. माझ्या पोराचं. घरी येऊन कुणाशी काय बोलू? बोलताच आलं नाही मला." त्यांनी तो एकत्र गोळा अक्षतच्या हातात ठेवला. "घे. यातला तनय वेगळा काढून दाखव."

अक्षतनं गोळा हातात धरला. बोटांनी चाचपला, थोडा उकलून बघितला, परत मिटवला. खरंच शोधत होता तो. मला हे सगळं खरं वाटत होतं का? नाही. मी असल्या विधींना नाक मुरडणारी बाई. पण घरातले सगळे बाराव्यातून बाहेर आले होते आणि हा पोरगा वर्षभर घाटावर दहाव्यालाच उभा होता, हे मला तिथे दिसलं. त्याला कुणी पुढे नेलंच नव्हतं. पोराला त्रास नको म्हणून, मायेपोटीच, त्याला तिथं सोडून सगळे घरी आले होते.

"नाही निघत," अक्षत म्हणाला.

"नाही निघत. तो माझ्या बाबांजवळ आहे. एकटा नाही."

"आजोबा तर घोरायचे."

"हो ना. तू जन्मायच्या आधी तनय त्यांच्याच कुशीत झोपत होता. ते घोरत नसले की त्याला जाग यायची."

अक्षतनं गोळा ओट्यावर ठेवला. मग त्यानं विनताकडे बघितलं. "पण आई, शब्द? तू म्हणतेस ना..."

"मोड," विनता म्हणाली.

तिचं तोंड पिठानं माखलं होतं. "मोडून टाक. पाप असेल तर मला लागू दे. मी तुझी आई सांगून राहिली तुला. मोड तो शब्द."

"दादा ऐकेल?"

"मी सांगतो त्याला," प्रल्हाद म्हणाले. "बाप आहे मी त्याचा."

कथा इथं संपली असती तर फार बरं झालं असतं. पण एका संध्याकाळीत मूल बरं होत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मेडिकल कॉलेजच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मैद्याच्या गोळ्यालाही हसल्या नाहीत, आणि सांगितलं की वर्षश्राद्धाचा दिवस उलटेपर्यंत याला क्षणभरही एकटं ठेवू नका, आणि उलटल्यावरही आणत राहा. प्रल्हादनी रजा काढली आणि अक्षतच्या खोलीत गादी घातली. विनता शाळेच्या दारापर्यंत जाऊ लागली. मी दिवसातून चारदा फोन करायचे. दर वेळी पलीकडून फोन उचलला जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

अड्ड्यावर तो येत होता, पण अजूनही टोकालाच बसायचा. अजून रडलेला नव्हता. मी विचारलं, "तनय आहे?" तर हो म्हणायचा. मग विचारलं, "काय म्हणतो?" तर म्हणाला, "काही नाही. नुसता बघून राहिला माझ्याकडे." ते ऐकून मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. बापानं सांगितलेलं त्याला पटलं होतं, की आमच्या समाधानासाठी तो पटल्यासारखं दाखवत होता? गुणी मुलांचं हेच कळत नाही. वेडंवाकडं पोर निदान दार तरी आपटतं.

वर्षश्राद्ध त्यांनी घरीच केलं. मला बोलावलं होतं. मी दाराजवळची जागा धरली, तो उठला की दिसावा म्हणून. जेवणं झाल्यावर शशिकांत भाऊजींनी सुपारी कातरता कातरता कुणाला तरी सांगायला सुरुवात केली, "एकही कावळा खाली येईना, मग आमचा अक्षत..."

"भाऊजी," विनता म्हणाली. तिच्या हातात ताटांची चवड होती. "ती गोष्ट आता सांगायची नाही. या घरात कुणीच नाही सांगायची."

भाऊजींना अपमान झाल्यासारखं वाटलं असावं. ते लवकर निघून गेले. अक्षतनं खाली बघून ताकाचा पेला संपवला. तो दिवस गेला. अक्षत होता. दुसऱ्या सकाळी मी फोन केला तेव्हा विनता म्हणाली, "उठला, दात घासून राहिला," आणि आम्ही दोघी फोनवर काही न बोलता थोडा वेळ तशाच राहिलो.

त्यानंतर काही दिवसांनी मी अड्डा उघडत होते. मुलं यायला अवकाश होता. जिन्यावर पावलं वाजली. अक्षत वर आला. केस विंचरलेले नव्हते, स्वेटर उलटा घातलेला. दारातच उभा राहिला, आत येईना. त्याचा चेहरा बघून माझ्या हातातून कुलूप पडलं.

"काय झालं?"

"दीदी," तो म्हणाला, "दादा गेला."

अशी बातमी घेऊन कुणी दारात येतं तेव्हा माणूस जे विचारतो, तेच माझ्या तोंडातून निघालं. "कधी?"

"आज सकाळी. उठलो तर खोलीत नव्हता. मी हाका मारल्या. बाबा होते फक्त." त्यानं दारातूनच आत, बाकाकडे बघितलं. "सगळीकडे बघितलं, दीदी. कुठंच नाही. दादा गेला."

आणि तो पायरीवर मटकन बसला आणि रडू लागला. आत्ताच खबर आल्यासारखा, छाती पिटून, आवाज घुसमटवून, दादा, दादा करत. या रडण्याची मी वाट बघत होते, आणि ते समोर आल्यावर मला ते सोसवेना. त्याचा भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्यासाठी तो आज गेला होता, आणि तो परत येणार नव्हता, हेही त्याला आजच कळलं होतं.

मी त्याला उगी म्हटलं नाही. खालून मुलांचे आवाज यायला लागले, तसं मी जिन्याचं खालचं दार ओढून घेतलं. मग वर येऊन, ज्या घरी माणूस गेलंय तिथं जाऊन बसतात तशी, काही न बोलता त्याच्याजवळ बसले.